चाचांचा चहा

रहस्यपट करायचा म्हटले की सगळ्यात आधी कुणावर तरी संशय घ्यावा लागतो. नायक, गाणी, मारामारी या गोष्टी मागाहून ठरवता येतात, पण संशयित पहिल्याच दिवशी लागतो. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी वार्षिक स्नेहसंमेलनासाठी बारा मिनिटांचा रहस्यपट करायचे ठरवले, तेव्हा त्यांनीही तेच केले. आम्ही दोन शिक्षक आणि तेरा विद्यार्थी, असा हा पंधरा जणांचा कारखाना. हाताशी दोन मोबाईल, एक तिपाई आणि जानेवारीतला एक रविवार. त्या रविवारी आम्ही कर्जत आणि खोपोली या दोन ठिकाणी जे शिकलो, त्यातला बराचसा भाग कॅमेऱ्याबद्दलचा नव्हता. शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या मंडळींना तो उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहोत.

मुलांची कथा साधी होती. खोपोलीहून कर्जतला शिकायला येणाऱ्या एका मुलाकडे वर्गाच्या सहलीचे पैसे जमा असतात. पैशांची कापडी पिशवी हरवते. खांद्यावर गोणपाट टाकलेला, पांढऱ्या दाढीचा एक अनोळखी म्हातारा त्याच वेळी बाजारातून घाईघाईने जाताना दिसतो. तीन मुले त्याचा पाठलाग करतात, पार खोपोलीपर्यंत. तिथे नदीकाठी त्याला गाठतात, आरडाओरडा करतात आणि मग कळते की म्हाताऱ्याला ती पिशवी चहाच्या टपरीवरच्या बाकाखाली सापडली होती. आतल्या वहीवरचा पत्ता वाचून तो ती पोहोचवायलाच निघाला होता. चित्रपटाचे नाव 'शक'.

आमच्या शाळेच्या आवारात उभे राहिले की मुलांना सिनेमा दूरचा वाटत नाही. नितीन देसाई यांनी 2005 मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ याच चौक-कर्जत परिसरात आहे. 'जोधा अकबर'साठी तिथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला होता, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. साहजिकच पहिल्या बैठकीत मागण्या मोठ्या होत्या. एक पिस्तूल हवे, एक काळी गाडी हवी, जमल्यास धुराचे यंत्र. गाडी आणि धूर पैशांअभावी आपोआप गळाले. पिस्तुलाचा प्रश्न तसा नव्हता. खेळण्यातले पिस्तूल पन्नास रुपयांत मिळते. तरी आम्ही ते कथेतूनच काढून टाकले. उर्दू शाळेची चार मुले हातात पिस्तूलासारखे काहीतरी घेऊन नदीकाठी धावताना कुणी लांबून पाहिली, तर पाहणाऱ्याला ते खेळणे आहे हे कोण सांगणार? मुलांना हे समजावून सांगायला दोन मिनिटेही लागली नाहीत. त्यांना ते आधीच माहीत होते, आणि हेच आम्हाला जास्त टोचले. पिस्तुलाऐवजी त्यांनी एक विजेरी घेतली.

कागदपत्रांची तयारी मात्र आठवडाभर चालली. पालकांची संमतीपत्रे, मुख्याध्यापकांचे पत्र, स्थानिक पोलिसांना माहितीचे पत्र, टपरीवाल्याची परवानगी. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला वेगळी परवानगी लागते, म्हणून फलाट आणि डबा कथेतून वगळले. प्रत्येक पत्राच्या तीन प्रती, त्यातली एक दिग्दर्शिकेच्या वहीत.

होय, दिग्दर्शन एका मुलीकडे होते. तिच्या घरून पडद्यावर दिसायला नकार आला होता. पडद्यामागे राहायला हरकत नव्हती. मुलगे थोडे कुरकुरले. तेव्हा आम्ही त्यांना फातमा बेगमची माहिती दिली. 1926 मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' हा मूकपट दिग्दर्शित करणारी ही बाई भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक मानली जाते. तिची मुलगी जुबेदा पुढे आपल्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची नायिका झाली. फाळक्यांना 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या पुरुषाला उभे करावे लागले. त्यानंतर तेरा वर्षांत एक मुसलमान बाई कॅमेऱ्यामागे उभी होती. एवढे ऐकल्यावर कुरकुर थांबली.

दिग्दर्शिकेने संपूर्ण पाठलाग चौकोनांत रेखाटून आणला होता. ही चित्रपट्टी तिने उर्दूच्या वहीत काढलेली, म्हणजे उजवीकडून डावीकडे. कॅमेरा सांभाळायला आमचा एक माजी विद्यार्थी आला होता. तो आता मराठी माध्यमातून पुढचे शिक्षण घेतो. त्याने ती पट्टी सवयीने डावीकडून वाचली आणि म्हणाला, "यात तर म्हातारा पोरांच्या मागे लागलाय!" सगळे हसले. चित्रे तीच होती, क्रम उलटा झाला होता. पुढे पळणारा पाठलाग करणारा ठरला आणि पाठलाग करणारे बिचारे ठरले. त्या वेळी आम्ही चौकोनांवर आकडे घातले आणि पुढच्या कामाला लागलो. या गमतीचा खरा अर्थ कळायला संध्याकाळ उलटावी लागली.

चित्रीकरणातला एक नियमही याच निमित्ताने मुलांना पक्का समजला. पाठलागात पुढचा माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल, तर मागच्यानेही त्याच दिशेने गेले पाहिजे. दोघांच्या वाटेवर एक रेषा कल्पावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा. ती ओलांडली की एकामागोमाग धावणारी माणसे समोरासमोर येऊन भेटणार असे वाटते. मुलांनी बाजारपेठेच्या गल्लीत खडूने खरोखरच रेषा आखली.

सकाळी सात ते अकरा कर्जत. कोवळ्या उन्हात सावल्या लांब पडतात आणि रहस्यपटाला त्या फुकटात मिळतात. चालता कॅमेरा हवा तिथे माजी विद्यार्थी सायकलच्या मागच्या कॅरियरवर उलटा बसला आणि दोघांनी सायकल हळूहळू ढकलली. ही युक्ती आमची नव्हे, मालेगावची. शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' केला तेव्हापासून सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन ही त्या गावाची ख्याती झाली. फैझा अहमद खान यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 2025 मध्ये चित्रपटगृहांत आला. यंत्रमागाच्या खडखडाटात राहणारी माणसे हे करू शकतात, तर आपण का नाही, हा धीर आम्हाला मालेगावने दिला.

आवाजाची अडचण कर्जतकरांना नवी नाही. घाटात चढणाऱ्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिने जोडतात, त्यामुळे भोंगे दिवसभर चालू. 1931 साली 'आलम आरा'चे ध्वनिमुद्रणही बरेचसे रात्री करावे लागले होते, कारण स्टुडिओशेजारून दिवसा आगगाड्या धावत. आमच्याजवळ रात्र नव्हती. मुलांनी एक मोबाईल विमान मोडवर टाकून अभिनेत्याच्याच खिशात ठेवला आणि त्याच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधला. संवाद स्वच्छ आले. आगगाडीचा आवाज शाळेच्या आवारातून वेगळा घेतला. चित्रपटात गाडी एकदाही दिसत नाही, फक्त ऐकू येते. म्हातारा मान वळवतो, भोंगा वाजतो, आणि पुढच्या दृश्यात तो खोपोलीत असतो. परवानगी नव्हती म्हणून काढलेली ही वाट सगळ्या चित्रपटात उजवी ठरली.

म्हाताऱ्याचे काम आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिपायांनी केले. तीस वर्षे त्यांनी घंटा वाजवली. सगळी मुले त्यांना चाचा म्हणतात. टपरीवर त्यांचे चेहऱ्याचे दृश्य चार वेळा घ्यावे लागले, कारण दर वेळी मागून कुणीतरी "चाचा, सलाम!" म्हणून ओरडे. चाचांना अभिनय असा करायचाच नव्हता. बसा, इकडे तिकडे बघा, एवढेच सांगितले होते.

त्यानंतर कर्जत-खोपोली लोकलने पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी स्थानके मागे टाकत आम्ही खोपोलीला, म्हणजे खालापूर तालुक्यात आलो. या मार्गावर गाड्या मोजक्याच असतात. ठरलेली गाडी चुकली असती तर दुपार गेली असती, म्हणून वेळापत्रक गाडीला बांधले आणि कथा वेळापत्रकाला. भर दुपारचे ऊन चेहऱ्यावर काळे डाग पाडते, डोळे खोबणीत जातात. तो वेळ आम्ही जोहरच्या नमाजीला आणि डब्यातल्या तांदळाच्या भाकरी-आम्लेटला दिला.

तीन वाजता पाताळगंगेच्या काठी पोहोचलो, तर दिग्दर्शिकेने आठवड्यापूर्वी निवडलेला खडक पाण्याखाली. पाऊस नाही, ढग नाही. खोपोलीकरांना याचे आश्चर्य नसते. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी टाटांच्या इथल्या वीजनिर्मिती केंद्रात उतरते आणि वीज करून झाल्यावर पाताळगंगेत सोडले जाते. 1915 पासून हे चालले आहे. जनित्रे किती चालतात, त्याप्रमाणे नदीचा काठ बदलतो. भूगोलाच्या पुस्तकातल्या जलविद्युत प्रकल्पाचा असा प्रत्यक्ष पाठ मुलांना कोणत्या वर्गात मिळाला असता? आम्ही पाण्यापासून बरेच वर, झाडाखाली जागा घेतली. काठाकडे कुणी जायचे नाही म्हणून दोन मुले पहाऱ्याला उभी केली.

तिथे शेवटचा प्रसंग घेत होतो. तीन मुले चाचांना घेरतात आणि "चोर! चोर!" असे ओरडतात. दुसऱ्याच खेपेला रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. स्वार उतरला नाही. मोबाईल काढून तो आमचेच चित्रण करू लागला. मग विचारले, "कसला व्हिडिओ चाललाय? कुठल्या शाळेचे तुम्ही?"

आम्ही दोघे शिक्षक पुढे व्हायच्या आत दिग्दर्शिका पुढे गेली. वहीतून पत्राची प्रत काढली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काका, शाळेच्या गॅदरिंगसाठी फिल्म करतोय. हे मुख्याध्यापकांचं पत्र, आणि पोलिसांना दिलेल्या पत्राची ही पोचपावती."

त्याने पत्र वाचले. वरचे शाळेचे नाव पुन्हा वाचले. चाचांकडे पाहिले. मग त्याचा आवाज जरा खाली आला. "बरं. मग चोर कोण आहे यात?"

"चोर नाहीच आहे, काका," ती म्हणाली.

तो हसला, पत्र परत दिले आणि निघून गेला. त्याच्या मोबाईलमध्ये मात्र वीस-पंचवीस सेकंद राहिले: एका म्हाताऱ्याला घेरून चोर चोर ओरडणारी मुले. पुढे-मागे काही नाही, पत्र नाही, दिग्दर्शिका नाही. परतीच्या गाडीत मुले नेहमीसारखी गोंगाट करत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या संगणकावर मुलांनी जोडकाम केले. कथेप्रमाणे पिशवी सापडण्याचा प्रसंग शेवटासाठी राखून ठेवायचा होता. म्हणून टपरीवरचे चाचांचे फक्त चेहऱ्याचे तुकडे घेतले. पिशवी नसलेला रिकामा बाक, लगेच चाचांचा चेहरा. रडवेला मुलगा, लगेच चाचांची तिरकी नजर. खाली ढोलकीचा मंद ठेका. परिणाम जबरदस्त होता. तीस वर्षे आमची घंटा वाजवणारा माणूस पक्का चोर दिसत होता.

हे का होते, ते रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने आधी सुपाच्या ताटलीशेजारी जोडला, मग शवपेटीशेजारी, मग एका स्त्रीशेजारी. चेहऱ्याचा तुकडा एकच होता. प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली. चेहऱ्यावर जे नसते ते शेजारचे चित्र तिथे आणून ठेवते.

आम्ही चाचांना बोलावून ते जोडकाम दाखवले. ते आधी खुदकन हसले. मग पुढे सरकून बसले आणि पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा पाहून म्हणाले, "अरे, मैं तो चाय की राह देख रहा था! मेरी चाय क्यों काट दी?"

खरोखरच ते चहाची वाट पाहत होते. ती तिरकी नजर टपरीवाल्याच्या किटलीकडे होती. कॅमेऱ्याने खोटे काहीच टिपले नव्हते. फक्त चहा आम्ही कापला होता. चाचांनी जाता जाता विचारले, "पाचवीची मुलं पण बघणार ना?" त्यांचा नातू पाचवीत आहे.

शेवटी सगळा उलगडा होणारच आहे, असे मुलांचे म्हणणे होते. दिग्दर्शिकेचा मुद्दा वेगळा होता. "जो दस मिनट देखके उठ गया, उसके लिए तो चाचा चोर ही रहे ना?"

या प्रश्नाला आम्हा शिक्षकांजवळ उत्तर नव्हते, उदाहरणे होती. 2018 मध्ये मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी देश पेटला होता. तेव्हा मोबाईलवरून फिरलेल्या एका व्हिडिओत दोन मोटारसायकलस्वार रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. तो व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात होती. मूळ फितीत ते स्वार परत येतात, मुलाला सोडतात आणि मुलांना जपा अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला भाग पुढे पाठवला. अशाच अफवांच्या लाटेत 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारी, झोळीवाली अनोळखी माणसे. आमच्या चाचांच्या खांद्यावरही गोणपाटच होते.

दुसरे उदाहरण आमच्याच पेशातले. अब्दुल वाहिद शेख हे मुंबईतले शाळाशिक्षक. 2006 च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात त्यांना अटक झाली. 2015 मध्ये न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली, तोवर नऊ वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांनी पुढे 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. अटकेची बातमी सगळे वाचतात. नऊ वर्षांनंतरच्या सुटकेपर्यंत किती प्रेक्षक आपल्या खुर्चीत बसून राहिलेले असतात? मुलांनी हे शांतपणे ऐकून घेतले. हा विषय त्यांच्या घरांत नवा नव्हता. पण एका तुकड्याच्या कापाकापीतून तो आपल्याही हातून घडू शकतो, हे त्यांनी संगणकावर स्वतः करून पाहिले होते.

आता करायचे काय? संशयच काढला तर रहस्यपट उरतो कुठे? वाट दाखवली ती आल्फ्रेड हिचकॉकने. टेबलाखालच्या बॉम्बचे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. चार माणसे गप्पा मारत आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आधीच दाखवला, तर त्याच फालतू गप्पा ऐकताना प्रेक्षकाचा जीव पाच-दहा मिनिटे टांगणीला लागतो. त्याला माहीत असते, टेबलाशी बसलेल्यांना नसते. याच हिचकॉकने 1956 मध्ये 'द राँग मॅन' केला. न्यूयॉर्कमधल्या एका वादकाला 1953 साली दुसऱ्याच्या गुन्ह्यात पकडले होते, त्या सत्यघटनेवर तो बेतलेला आहे.

दिग्दर्शिकेने पूर्ण जोडकाम मोडले. टपरीचा प्रसंग उचलून अगदी सुरुवातीला ठेवला. चाचा बसतात, चहाची वाट पाहतात, पायाला पिशवी लागते, टपरीवाल्याला विचारतात, वहीवरचा पत्ता बोट ठेवून वाचतात, चहा संपवतात आणि निघतात. त्यानंतरचा पाठलाग होता तसाच. पण आता प्रत्येक पावलाला प्रेक्षकाला ठाऊक असते की हा माणूस निरपराध आहे, आणि मुलांना ते ठाऊक नाही. नदीकाठी "चोर! चोर!" सुरू झाले की भीती चाचांची वाटत नाही, चाचांसाठी वाटते. संमेलनात तो प्रसंग आला तेव्हा मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "अरे, उन्होंने नहीं लिया!" सभागृहात कुणी हसले नाही.

बी.एड.ला आम्ही सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतले होते. छोटा पाठ घ्यायचा, प्रत्याभरण ऐकायचे, पुन्हा नियोजन करायचे आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. चित्रपटाचे कामही याच चक्राने चालते. म्हणून इतर शाळांतल्या सहकाऱ्यांना आमचे सांगणे आहे की मुलांच्या हाती कॅमेरा जरूर द्या, पण तिथेच थांबू नका, कात्रीही द्या. चित्रीकरणाला एक दिवस ठेवलात तर जोडकामाला सहा ठेवा. सगळे कच्चे तुकडे जपून ठेवायला सांगा. ज्याचा चेहरा वापरला त्या माणसाला चित्रपट आधी दाखवा आणि त्याचे म्हणणे ऐका. आणि कागदपत्रांच्या प्रती नीट बोलू शकणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या वहीत असू द्या.

आमच्या वर्गात आता एक नवा वाक्प्रचार रुळला आहे. मध्यंतरी भंगार गोळा करणाऱ्या एका माणसाला लोकांनी धरल्याचा व्हिडिओ मुलांच्या घरच्या मोबाईलांवर आला. खाली लिहिले होते, सावध राहा, पुढे पाठवा. मधल्या सुट्टीत त्याची चर्चा चालली असताना सायकल ढकलणाऱ्या दोघांपैकी एकाने विचारले, "इसमें चाय किधर है?" बाकीच्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. व्हिडिओ किती सेकंदांचा आहे, ते त्यांनी आधी पाहिले. सतरा सेकंद होते.